पाव पट्टा

पट्टे पुन्हा वाकले होते.

तिने चष्मा पुसला आणि परत वाकून पाहिलं. पिवळ्या दिव्याखाली दोन जाड गोल काचा एकमेकींवर टेकवलेल्या होत्या. खाली मामांची कसोटीची काच, वर तिने घासलेली. दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत जुळले, की मधल्या केसभर फटीत उजेडाचे काळे-पिवळे पट्टे सरळ दिसतात. हे मध्यभागी एका पट्ट्याच्या पाव रुंदीइतके झुकले होते.

"किती?" खिडकीजवळच्या खुर्चीतून मामांनी विचारलं.

"पाव पट्टा. खोलगट."

"म्हणजे कालचंच."

"कालचं, परवाचं, गेल्या महिन्यातलं. अकरावी वेळ, मामा."

 डोळे अधू झाल्यापासून मामा दिव्याजवळ येत नसत. चाळीस वर्षं त्यांनी या खोलीत काचा सपाट केल्या होत्या. कसोटीची काच त्यांनी तिशीत केली, आठ महिने खपून, आणि तेव्हापासून इथला प्रत्येक तुकडा तिच्यावर टेकवूनच बाहेर जायचा. आजवरच्या गिऱ्हाइकांना अर्धा पट्टा चुकला तरी चालायचं. आता काम देऊ पाहणाऱ्या एका प्रयोगशाळेला मात्र पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त चूक नको होती. ही काच त्यांच्यासाठीचा नमुना; तो पास झाला तर तशा बारा काचा, दोन वर्षांचं काम. नाही तर महिनाअखेर कुलूप. बाकीचं काम यंत्रांनी कधीच नेलं होतं.

दुपारी शेजारचा चष्मेवाला डोकावला.

"काय ताई, झाली का सपाट?"

"नाही."

"मग या माझ्याकडे. चष्म्याच्या काचा कापायला माणूस हवंच आहे मला. गिऱ्हाइकाला समोरची भिंत दिसली की खूश. पाव पट्टा गेला खड्ड्यात."

"येईल, येईल," मामा खुर्चीतून म्हणाले. "तिचं डोकं आधीच तुझ्या दुकानात जाऊन बसलंय."

चष्मेवाला हसत गेला. तिला हसू आलं नाही. ती काच घासायच्या राळेच्या थरावर पॉलिशची लाल पूड कालवत राहिली.

"मामा, माझ्या हाताची हद्दच असेल ही. एकोणिसाव्या वर्षी आले इथे, आता चव्वेचाळीस. याहून बारीक नसेल जमत मला."

"चिमणे, हाताला हद्द नसते. मला जमलं ते तुला का नाही जमणार? तू मनाशी ठरवून बसलीयस, की मामांएवढं आपल्याला येणार नाही. म्हणून हात नेमका तिथेच थांबतो."

"हात थांब म्हणतो ते उगाच का?"

"हात काही म्हणत नाही. ते डोकं बोलतं, हाताच्या आवाजात."

तिला ते खरं वाटलं. दर वेळी एक क्षण असा यायचा, की काच तळहाताखाली एकदम गुळगुळीत, शांत व्हायची. आणि आतून कोणीतरी म्हणायचं, बास, झालं. त्याच जागी ती अकरा वेळा थांबली होती.

बाराव्या वेळी ती थांबली नाही.

तो क्षण आला तेव्हा तिने दात आवळले आणि कडेवर जोर देऊन आणखी चाळीस फेरे मारले. हात जड झाला. आपण काहीतरी चांगलं बिघडवतोय, असं वाटलं. ती मोठ्याने फेरे मोजत राहिली, म्हणजे दुसरं काही ऐकू येऊ नये. मग काच धुतली, पुसली आणि हाताची ऊब निघून जाईपर्यंत चार तास दूर ठेवून दिली. त्या चार तासांत तिने चहासुद्धा घेतला नाही.

दिव्याखाली पट्टे सरळ होते. पट्टीने आखावेत तसे.

"मामा," तिने हाक मारली.

"सरळ?"

"सरळ."

मामांनी हात पुढे केला. ती जवळ गेली, तेव्हा त्यांनी तिच्या कपाळावर टिचकी मारली. "इथली हद्द होती ती. गेली एकदाची."

दुसऱ्या दिवशी तिने नमुना पाठवला. प्रयोगशाळेच्या पद्धतीप्रमाणे तपासणीसाठी कसोटीची काचही सोबत द्यावी लागली. ती काच त्या खोलीतून पहिल्यांदाच बाहेर जात होती. मामांनी पेटीच्या कड्या दोनदा चाचपून पाहिल्या.

तीन आठवड्यांनी पेटी परत आली. आत दोन्ही काचा होत्या आणि दोन पानांचा कागद. तिने तो उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वाचला.

"वाच की मोठ्याने," मामा म्हणाले.

"नापास."

 बाहेर चष्मेवाला दुकानाचं शटर वर करत होता.

"कितीने?"

"पाव पट्टा."

"खोलगटच?"

"खोलगटच, मामा."

"पण तू तर सरळ म्हणालीस."

"मला तसे दिसले."

"डोळ्यांना हवं तेच दिसतं," मामा हळूच म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं. "नाही जमलं तुला. असू दे. आणि माझ्या काचेचं काय लिहिलंय?"

"बिनचूक आहे म्हणतात. हाताने केलेली इतकी सपाट काच त्यांनी कधी पाहिली नाही."

मामांनी मान डोलावली, खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटले.

तिने दुसरं पान पुन्हा एकदा डोळ्यांसमोर धरलं. तिथे लिहिलं होतं : नमुना, पाव पट्टा फुगीर. कसोटीची काच, पाव पट्टा खोलगट. हिच्यावर टेकवल्यास पूर्ण सपाट काचही दर वेळी पाव पट्टा खोलगटच दिसेल.