पाठमोरी

संध्याकाळपर्यंत या दृश्याला संगीत बसलं नाही, तर त्याचं सबंध वर्ष पाण्यात जाणार होतं. आणि काम तरी केवढं, तर एका सुराचं! खिडकीशी पाठमोरी बसलेली बाई मान वळवते, नेमका त्याच क्षणी त्याने पियानो-कीबोर्डवर वाजवलेला तो सूर ऐकू यायला हवा.

पण सुराच्या आधीच ती वळत होती. त्याने सॉफ्टवेअरमध्ये सूर अलीकडे सरकवला. ती त्याहून अलीकडे वळली. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. हेडफोनखाली कान घामाने चिकटले. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, त्याला हात जोडले, शिव्याही घातल्या. बाई आपली आधीच वळायची.

शेवटी रडकुंडीला येऊन त्याने ताईला फोन लावला. फिल्मचं एडिटिंग तिनेच केलं होतं.

“ताई, मला न सांगता शॉट बदलतेस का गं?”

“वेड लागलंय का? पिक्चर लॉक करून दिलंय तुला. एक फ्रेम इकडची तिकडे होणार नाही.”

“मग ती बाई दर वेळी आधी का वळते?” चित्र पुन्हा चालू करून त्याने त्या सुराच्या पट्टीवर बोट टेकवलं.

“वळते? अरे, त्या शॉटमध्ये ती शेवटपर्यंत पाठमोरीच आहे. तिचा चेहरा आम्ही घेतलेलाच नाही.”

फोन खांद्याशी दाबून त्याने घाईघाईने चित्र थांबवलं.

चित्र थांबलं. बाई थांबली नाही. ती सावकाश पुढे वाकली आणि त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटाकडे बघत राहिली. ते अजून पियानो-कीबोर्डच्या त्याच सुराच्या पट्टीवर टेकलेलं होतं.