मागचं डावं चाक

थोरल्याने कुणाला काही दिलं की तो देऊन मोकळा होत नसे, दिलेलं आठवडाभर चघळत बसे. वडिलांची जुनी गाडी त्याने धाकट्या बहिणीला दिली आणि तेव्हापासून आईचे कान किटले होते. सर्व्हिसिंग मीच केलं, धुवून मीच आणली, टायरांना काळं पॉलिशसुद्धा मीच मारलं. आताही गॅरेजच्या दारात हात मागे बांधून तो मेकॅनिकला तेच ऐकवत होता. अंगाला अत्तराचा वास. गॅरेजात यायला अत्तर. आईने तोंड फिरवलं.

गाडी हळू चालवली की डावीउजवीकडे झुलत होती. बदकासारखी चालते, असं तीन वर्षांच्या नातीने सकाळीच सांगितलं होतं. त्याच लेकीला मागे बसवून धाकटी उद्या हमरस्त्याने दोनशे किलोमीटर जाणार होती, नव्या नोकरीच्या गावाला. ती घरी सामान बांधत होती. भावाने गाडी दिली म्हणून दोनदा डोळे पुसून झाले होते तिचे.

मेकॅनिकने चारही चाकांचे नट पाहिले. मग गाडीखाली शिरून पुढच्या चाकांचे सांधे हलवून पाहिले. सगळं घट्ट. बाहेर येऊन तो डोकं खाजवू लागला.

"काही नाही हो त्यात," थोरला म्हणाला. "पन्नासच्या वर गेली की झुलणं आपोआप थांबतं."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. वडील गेल्यापासून गाडी शेडमध्ये होती. याने ती चालवली म्हणजे धुवायला नेली तेवढीच, दोन गल्ल्या. त्या दोन गल्ल्यांत पन्नासचा वेग कुठून आला?

मग ती वळली. मेकॅनिकला म्हणाली, तुम्ही पुढे शोधताय, दुखणं मागे आहे. घरून येताना गाडी मेकॅनिकनेच चालवली होती, ती मागच्या सीटवर होती. स्टिअरिंग धरणाऱ्याला जे कळलं नाही ते तिच्या कमरेला कळलं होतं. शाळा दुसरीतच सुटली तिची, पण शिलाई मशीन चाळीस वर्षं चालवलं होतं. चाकात खोट असली की ती बसल्या जागी कळते.

"मागचं डावं उचला," ती म्हणाली.

थोरला हसला. आता आई गाडीला झबलं शिवणार, म्हणाला. मेकॅनिक हसला नाही. त्याने जॅक लावला.

आईने पिशवीतून कपडे बेतायचा चपटा खडू काढला. चाकामागे दोन विटा रचून घेतल्या, त्यावर मनगट टेकलं आणि खडू टायरपासून केसभर लांब धरला. मग मेकॅनिकला चाक फिरवायला सांगितलं. चाक फिरलं. खडूला एकदा घासलं, सुटलं, पुन्हा घासलं. प्रत्येक फेरीला त्याच जागी. थांबवलं तेव्हा अख्खा टायर काळाभोर होता, फक्त वीतभर पांढरी रेघ उठली होती.

तिने त्या रेघेवरून तळवा फिरवला आणि झटकन हात मागे घेतला. पिकलेल्या गळवावर हात पडावा तसं वाटलं. तिने हात भिंतीला पुसला.

मेकॅनिकनेही चाचपून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आतल्या तारा तुटल्यात, म्हणाला, थर एकमेकांपासून सुटलेत. हळू चालवलं की गाडी झुलते. वेगात ते जाणवेनासं होतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि तशीच पळवत राहिलं की टायर फुटतो. फेकायचा माल आहे हा. हात लावला की कोणीही सांगेल.

आईने थिनरमध्ये भिजवलेली चिंधी मागून घेतली. टायरच्या बाहेरच्या अंगावर पॉलिश जरा जास्तच थापलं होतं. ती घासत राहिली. काळं निघालं आणि खाली हिरवा ओरखडा दिसला.

तो हिरवा तिच्या ओळखीचा होता. उरल्यासुरल्या दोन डब्यांतून तिनेच कालवला होता, घराच्या फाटकासाठी. तसला रंग दुकानात मिळत नाही. फाटक ओलं असतानाच थोरल्याने आपली गाडी त्याच्यावर नेऊन घातली होती, आणि वर फाटकच अरुंद म्हणून आईशी भांडला होता.

त्याची गाडी बाहेर उभी होती. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, चाकं एका मापाची. मेकॅनिक जाऊन बघून आला. वडिलांनी जाण्याआधी चार नवे टायर घातले होते. तीन या गाडीला होते. चौथा बाहेर होता, थोरल्याच्या गाडीला, मागे डावीकडे.

आईने चिंधी परत केली. थोरल्याला राहवलं नाही.

"अजून सहा महिने आरामात चालला असता तो," तो म्हणाला. "आणि ती कुठे एवढी वेगाने चालवते?"

आईने खडू पिशवीत टाकला. तुझी गाडी आत घे, म्हणाली, बाह्या वर कर आणि पाना हातात घे. मेकॅनिक पुढे सरसावला, त्याला तिने हातानेच थांबवलं. थोरला जागचा हलला नाही. त्याने शर्टाची कॉलर तेवढी सारखी केली.

"गाडीला तरी लाज आहे रे," आई म्हणाली. "खोट अंगात ठेवून तिला सरळ चालता येईना. तू बघ कसा ताठ उभा आहेस."