जिन्यावरून पडली

रुग्णालयात संगणकावर रुग्णांच्या आजारांचे सांकेतिक कोड नोंदवणाऱ्या ताईसमोर तिचाच धाकटा भाऊ बायकोला घेऊन उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी भावजयीचं मनगट मोडलं, तेव्हा ‘जिन्यावरून पडली’ असं ताईनंच नोंदवलं होतं.

“फेरतपासणी टाक,” भाऊ म्हणाला. “हाड जुळलं, विषय संपला.”

“पूर्ण जुळलं असेल तर फेरतपासणी. अजून भरत असेल तर उपचारानंतरची काळजी,” ताई सवयीनं म्हणाली आणि तिनं भावजयीची बाही वर सारली. सुजलेल्या मनगटावर बुटाच्या टाचेचा ताजा वळ होता. “हे दोन्हींत बसत नाही. हा नवा मार आहे. मी तसंच लिहिणार.”

“घरची असून घरावर उठलीस?” भावानं बायकोचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. ताई मध्ये पडली, तशी त्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली. मग दुसरी, तिसरी. पहारेकऱ्यांनी त्याला लोळवलं, तोवर तिचे दोन दात कीबोर्डवर पडले होते.

अपघात विभागात डॉक्टरांनी विचारलं, “कशा पडलात?”

ताईनं मान खाली घातली. कडेवर खेळवलेला भाऊ होता तो.

आजवर डॉक्टरांपुढे चकार शब्द न काढलेली भावजय पुढे झाली. “पडल्या नाहीत. माझ्या नवऱ्यानं मारलंय. आधी यांचं लिहून घ्या. माझं लिहायला वेळ लागेल.”