मधली टाळी

तिसरा भाग नगाऱ्यांच्या कडकडाटात संपला आणि येसाबांनी खणखणीत टाळी वाजवली. उभी हयात तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेला माणूस, आणि स्टेजवर सख्खी नात व्हायोलिन घेऊन बसलेली. हात थांबतील कसे?

अख्ख्या सभागृहात ती एकच टाळी. शेजारचे सुटातले गृहस्थ फणकारले, "आजोबा, सिम्फनीचे चार भाग असतात. मध्ये टाळी वाजवायची नसते."

"पोरांनी जीव ओतलाय. आमच्या फडात दाद शिळी करून देत नाहीत!" येसाबांनी मुद्दाम आणखी दोन टाळ्या हाणल्या. नात खाली मान घालून हसली.

चौथा भाग मात्र संथ निघाला, मयताच्या घरासारखा. एकेक वाद्य गप्प होत गेलं, शेवटी मागची थोरली व्हायोलिनं तेवढी कण्हत राहिली. मग त्यांचेही गज थांबले. शेजारच्या गृहस्थांनी जाणकाराच्या ऐटीत हात उचलले. "हं, आता वाजवा."

येसाबांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. वादकांना इशारे देणाऱ्या कंडक्टरचे हात अजून हवेतच होते.

"गप बसा साहेब," ओल्या डोळ्यांनी ते म्हणाले, "अजून वाजतंय."