दर दोनशे किलोमीटरला

“दिवसातून किती वेळा घेता?”

“दर दोनशे किलोमीटरले एकदा,” किसनसिंग म्हणाला.

डॉक्टर निशिगंधाबाईंचं पेन थांबलं. शेजारी बसलेल्या धर्मपालने कपाळावर हात मारला. दोघेही पांढरकवड्याचे ट्रक ड्रायव्हर. त्यांचा दिवस घड्याळावर नाही, रस्त्यावर मोजला जायचा.

“अफूच्या बोंडांचा काढा पिते तो, बाई,” धर्मपालने उलगडून सांगितलं. “कालपासून बंद आहे, म्हणून थरथरून राह्यला.”

हे तिसरं दार होतं. पहिल्या दारी बुवाने ताईत बांधला. दुसरीकडे कोंडून घातलं, तर पठ्ठ्या चौथ्या दिवशी भिंत ओलांडून पळाला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात यावर गोळी मिळते, हे धर्मपालनेच दहा जणांना विचारून शोधलं होतं. किसनसिंग इथूनही उठला, तर मित्र हातचा गेला, हे तो जाणून होता.

“रोज इथे यायचं, गोळी जिभेखाली धरायची,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि सध्या ट्रक चालवायचा नाही.”

किसनसिंग उठलाच. “ट्रक नाही? मंग मी कोन राह्यलो?”

तो दारापर्यंत पोचला. धर्मपालने मागून हाक मारली,

“किसन्या, इंजिन तापलं त तू गाडी साइडले घेतं का नाही? तवा काय तू ड्रायव्हर राह्यत नाही?”

किसनसिंग दारातच थबकला. मग वळून म्हणाला, “बाई, हे गोळी किती किलोमीटर चालते?”

“तुमची गाडी दिवसाला किती चालते?”

“पाचशे.”

“मग पाचशे,” डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या.

गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नव्हतं. जन्माचा बडबड्या किसनसिंग तोंड मिटून बसला. तासाभरात त्याचे हात स्थिरावले.

बाहेर आल्यावर त्याने कमरेची ट्रकची चावी सोडून धर्मपालच्या हातावर ठेवली. ती त्याने आजवर कुणाला दिली नव्हती. सकाळीही थरथरत्या हातांनी गाडी त्यानेच आणली होती, आणि धर्मपाल क्लीनरच्या सीटवर जीव मुठीत धरून बसला होता.

धर्मपालने गाडी मागे घ्यायला गिअर टाकला. आरशात पाहतो तर काय, वीस वर्षं ट्रक चालवणारा उस्ताद किसनसिंग क्लीनरसारखा खाली उभा राहून ट्रकचा मागचा फाळका बडवत होता आणि अख्खा रस्ता वळून पाहील अशा आवाजात ओरडत होता,

“येऊ दे... येऊ दे... बिनधास्त येऊ दे, भल्ली जागा आहे!”