कापसाचे डोळे

चोपन्न सालच्या कापूसवेचणीत नागपूरचे पक्षीतज्ज्ञ मोहरीर किन्हीराजा गावाला आले. मोतीबाईच्या शेतात अंड्यांवर बसलेली लाव्यासारखी एक मादी त्यांनी मारली. ही जात आजवर कोणी नोंदलेली नव्हती. कातडं सोलून त्यांनी पोटात आणि डोळ्यांच्या खाचांत मोतीबाईनंच वेचलेला कापूस ठासला.

"हा मूळ नमुना," ते खुशीत म्हणाले. "ही जात कशी असते, ते आता सारं जग हिच्यावरूनच ठरवणार."

"म्हंजे सारे असेच?" मोतीबाईनं विचारलं. "अन् तिचे अंडे थंडे पडून राह्यले, त्याचं काय?"

मोहरीर हसले.

दुसऱ्या दिवशी मोहरीरांनी लावलेल्या जाळ्यात त्याच जातीचा नर सापडला. तो जिवंत होता, फडफडत होता. त्याच्या डोळ्यांच्या जागी कापूस होता.

दुपारी अख्खा थवा बांधावर येऊन बसला. सगळ्यांचे डोळे तसेच पांढरे, सगळ्यांची तोंडं मोहरीरांकडे.

"तुमीच तं ठरवलं सायेब," बोंडावरून नजर न काढता मोतीबाई म्हणाली. "आता काहून भेता?"

मोहरीरांनी डोळे चोळले. बोटाला एक तंतू लागला. त्यांनी तो ओढला, तर तो संपेचना. आणि बांध, थवा, मोतीबाई, सगळं हळूहळू पांढरं होत गेलं.