पूर्ण पाळी

कामगाराच्या घामाचा एक थेंबही वाया जात नाही, असं टाइम ऑफिसाच्या खिडकीबाहेरच्या फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. सकाळी सहा पस्तीसला कडूबानं तो फलक भिंतीवरून उपसला आणि खिडकीतून टाइमकीपर अभयच्या डोक्यात घातला. काच फुटली. डोकं थोडक्यात वाचलं, म्हणजे चार टाके पडतील एवढंच फुटलं.

चितेगावच्या त्या कारखान्यात कडूबा प्रेस मशीनवर होता. तीन महिन्यांपूर्वी त्यानं रात्रपाळी मागून घेतली होती. लोक रात्रपाळी टाळायला मेलेल्या मावश्या पुन्हा मारतात. हा रोज रात्री अकराला हजर. कारण एकच. रात्रपाळीला भत्ता होता, पाळीमागं नव्वद रुपये. या भत्त्यापायी मुकुंदवाडीतल्या त्याच्या दोन खोल्यांत दिवसा कर्फ्यू लागला होता. टीव्ही बंद. शिट्टी होऊ नये म्हणून कुकर बंद, वरणभात पातेल्यात. पोरगी तनुजा अभ्यासाला शेजारी. आणि भत्ता? आतापर्यंत आलेल्या दोन्ही पगारचिठ्ठ्यांवर शून्य. शेवटी बायकोनं, निशानं, निकाल दिला होता.

"ह्या महिन्यात भत्ता नाय आला तर दिवसपाळी घ्या. नाय तर दिवसा झोपायला देवगावला भावाकडं जात जा. आमाला घरात बोलायचंय."

म्हणून त्या सकाळी गेटावरच्या हजेरीच्या मशीनला अंगठा लावून बाहेर पडण्याआधी कडूबानं खिडकीत तोंड घालून विचारलं होतं, "अभयभाऊ, माझा भत्ता जातो कुठं?"

अभयनं संगणकावरची नजर हलवली नव्हती. "मी नाही काढत बाबा. सिस्टीम काढते."

सिस्टीमला मारता येत नाही. अभयला येत होतं. फलक उतरला तो यावर.

फलकानंतर कडूबानं अभयची कॉलर धरून त्याला खिडकीतून बाहेर ओढलं. अर्धंच, कारण पुढं पोट अडकलं. मग कडूबा रीतसर दारानं आत गेला. अभयनं स्टेपलर उचलून त्याच्या कानावर हाणला. कान फाटला. कडूबानं अभयचा हात टेबलावर दाबून पिरगाळला, तशी करंगळी काडकन मोडली. तो आवाज दोघांनीही ऐकला. क्षणभर दोघंही थांबले, जसं काही चहाची सुट्टी झाली. मग पुन्हा जुंपली.

राजेंद्र सोडवायला धावला. तो कडूबाचा बदलीवाला. सकाळी सातला कडूबाचं मशीन त्याच्या ताब्यात जायचं. चितेगावातच राहणारा, अगदी सरळ माणूस. कडूबाला मुकुंदवाडीची पावणेसातची काळीपिवळी जीप मिळावी म्हणून तो आपणहून साडेसहालाच येऊन उभा राहायचा. तीन महिने, एकही दिवस न चुकता. आजही तसाच आला होता. कडूबाचं कोपर त्याच्या नाकावर बसलं.

"आरं, मी हाय! राजेंद्र!"

"मग हो की बाजूला!"

नाक तोवर वाकडं झालं होतं.

दोन सिक्युरिटीवाल्यांनी कडूबाला फरशीवर उताणा पाडला. एक छातीवर बसला, दुसऱ्यानं हात धरले. काचा पाठीत घुसत होत्या, तरी तोंड मोकळं होतं. "चोर हाय ह्यो! साठ रातींचा भत्ता खाल्ला माझा!"

तेव्हा मात्र अभयचं डोकं फिरलं. जेवढं शिल्लक होतं तेवढं. फुटलेल्या फलकाच्या खालच्या कोपऱ्यात एक परिपत्रक चिकटवलेलं होतं. तीन महिने ते कुणी वाचलं नव्हतं. अभयनं ते टराटरा ओढून काढलं आणि कडूबाच्या नाकासमोर धरलं. त्याच्या कपाळाचं रक्त त्या कागदावर ठिबकत होतं.

"वाच! पाळी पूर्ण झाली तरच भत्ता. सातच्या आत अंगठा लावला की पाळी अपुरी, भत्ता शून्य. तू रोज सहा चाळीसला अंगठा लावून पळतोस, त्याला मी काय करू? बाकीच्यांचे बदलीवाले येतात सव्वासातला. ते शिव्या देत थांबतात आणि भत्ता घेतात!"

कडूबानं हळूच मान वळवून राजेंद्रकडं पाहिलं. राजेंद्र रुमालानं नाक दाबून उभा होता.

"मला वाटलं, तुला गाडी मिळंल," राजेंद्र म्हणाला.

कडूबानं पडल्या पडल्या त्याला लाथ झाडली. ती छातीवरच्या सिक्युरिटीवाल्याच्या पाठीत बसली. त्यानंतर कडूबाचे समोरचे दोन दात गेले.

पोलीस यायला आठ वाजले. नेताना गेटावर पुन्हा खोळंबा झाला. अंगठा लावल्याशिवाय कामगार बाहेर सोडता येत नाही, असं म्हणून वॉचमन फाटकात आडवा उभा राहिला. हवालदारानं कडूबाला परत हजेरीच्या मशीनपाशी आणलं. अंगठा रक्तानं चिकट झाला होता. मशीननं दोनदा नाकारला. वॉचमननं तो स्वतःच्या रुमालानं पुसला आणि तिसऱ्यांदा टेकवला. मशीन धन्यवाद म्हणालं.

गुन्हा नोंदला गेला. जामीन झाला. कडूबाला निलंबनाचं पत्र मिळालं. तो आता माणसासारखा रात्री झोपू लागला आणि दिवसभर घरात कुणीही काहीही बोलू लागलं. बहुतेक त्याच्याचबद्दल.

सात तारखेला पगारचिठ्ठी आली. ती आधी निशानं वाचली. या खेपेला भत्त्याच्या रकान्यात शून्य नव्हतं. पोलिसांनी नेलं त्या दिवशी कडूबाचा अंगठा आठ दहाला लागला होता. पूर्ण पाळ्या एक, रुपये नव्वद.